तुमची फी कोण देणार आहे? विधी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना खुलं पत्र

विद्यार्थिमित्रांनो,

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी काही जणांसमोर मी तासभर बोलले. विषय होता परवडणारी घरं आणि कायदा. पहिल्या दोन रांगा सोडल्या तर बाकीचे मोबाइलमध्ये होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तुमच्या वयात मीही मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या तासाला डुलक्या काढल्या आहेत. शेवटी एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, यात करिअर आहे का, की नुसती बिल्डर आणि भाडेकरूंची भांडणं?" वेळ संपली होती, चहा आला होता. मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेतली. परतताना लोकलमध्ये स्वतःचाच राग आला. बावीस वर्षं ज्या कामावर घर चाललं, त्याबद्दल चार सरळ वाक्यं बोलता येऊ नयेत? म्हणून हे पत्र.

आधी हे काम चालतं कुठे ते सांगते. सिनेमातल्या कोर्टात नाही. वांद्रे स्टेशनला पूर्वेला उतरा. म्हाडाचं गृहनिर्माण भवन, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचं (आम्ही 'एसआरए' म्हणतो) कार्यालय, उपनगर जिल्हाधिकाऱ्यांची इमारत हे सगळं एकाच परिसरात आहे. पुढे बीकेसीत महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं प्राधिकरण. जुन्या भाडेकरूंचे दावे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात. सोसायट्यांची प्रकरणं उपनिबंधकांकडे. जमिनीचे कागद नगर भूमापन कार्यालयात, आणि तिथला शिपाई जेवायला गेला असेल तर जिन्यात. यातल्या निम्म्या ठिकाणी काळा कोट लागतही नाही. लागतात त्या दणकट चपला, झेरॉक्सचे सुटे पैसे आणि फाईलवर कुठली नोंद कधी पडली हे लक्षात ठेवणारं डोकं.

ऑल्गा टेलिस खटला तुम्ही संविधानाच्या पेपरात लिहिता. १९८५, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, कलम २१, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग. इतकं लिहिलं की गुण मिळतात. पण निकालाचा शेवट किती जणांनी वाचलाय? फुटपाथवरच्या लोकांना पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली. झोपड्या काढायला मात्र न्यायालयाने नाही म्हटलं नाही. पर्यायी जागा मिळणार होती ती १९७६च्या गणनेत ज्यांची नोंद होऊन ओळखपत्र मिळालं होतं त्यांना. एवढं मोठं तत्त्व, आणि शेवटी निवाडा एका ओळखपत्रावर आला. तुमचं पुस्तक ज्या पानावर संपतं, तिथून आमचं काम सुरू होतं.

मुंबईतल्या घरांचे कायदे कोणी एका बैठकीत बसून लिहिलेले नाहीत. चाळीच्या गॅलरीवर पावसाळा आला की आणखी एक पत्रा ठोकावा, तसे ते वाढत गेले. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, इमारती कोसळू लागल्या. म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं आणि १९,६४२ इमारतींवर दुरुस्तीसाठीचा उपकर बसला. १९७१ मध्ये झोपडपट्टी कायदा, १९७६ मध्ये म्हाडाचा कायदा, १९९५ मध्ये एसआरए, २०१६ मध्ये घर खरेदीदारांसाठीचा रेरा कायदा. प्रत्येक पत्रा आधीच्या गळतीवरचा. त्यामुळे एखाद्या घराचा प्रश्न घेऊन माणूस समोर बसला की पहिला सवाल 'न्याय कुणाचा' हा नसतो. हे घर कुठल्या पत्र्याखाली येतं, हा असतो. उपकरप्राप्त आहे, म्हाडाच्या वसाहतीतलं आहे, पागडीचं (ठोक रक्कम देऊन घेतलेल्या जुन्या भाडेहक्काचं) आहे की घोषित झोपडपट्टीतलं, यावर सगळं पुढचं ठरतं. हे ओळखायला मला पाच वर्षं लागली, आणि ओळखता येऊ लागल्यावर या कामात जी मजा आली ती मी अजून दुसऱ्या कशात पाहिलेली नाही.

एक बाई आठवतात. तीन घरी स्वयंपाक करायच्या. झोपडपट्टीची योजना आली, परिशिष्ट-२ लागलं. परिशिष्ट-२ म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांची यादी, हा शब्द आताच पाठ करून ठेवा. यात बाई अपात्र. फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा अकरा वर्षांपूर्वी निघून गेलेला. सर्वेक्षणाला माणसं आली ती दुपारी बारा वाजता, तेव्हा बाई कामावर आणि दाराला कुलूप. बाईंनी माझ्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी उपडी केली. वीजबिलं, रेशनकार्ड, मुलाच्या शाळेचा दाखला, मतदार यादीचं फाटकं पान. पात्रतेसाठी लागणारं १ जानेवारी २०००च्या आधीचं वास्तव्य त्या पिशवीत होतं, पण मांडणी नव्हती. ती मांडणी करणं, तारखेनुसार लावणं, प्रत्येक कागदाला एक ओळीचं स्पष्टीकरण जोडणं, एवढीच माझी वकिली. नियम तर बाईंच्या बाजूचा होता. पुनर्वसनाचं घर पती आणि पत्नी दोघांच्या संयुक्त नावाने द्यायचं असतं, हे विकास नियंत्रण नियमावलीतच लिहिलेलं आहे. कार्यालयात ते कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण विचारणारं कोणी आलं नव्हतं.

चौदा महिने गेले. बाईंनी फी हप्त्याहप्त्याने दिली, पाचशेची नोट घडी घालून. शेवटी अपिलात नाव लागलं. पुढे चार वर्षांनी चावी मिळाली तेव्हा त्यांनी मला घर दाखवायला बोलावलं आणि आधी कशाला हात लावला असेल तर संडासाच्या कडीला. आतून लावली, उघडली, परत लावली. त्यावर मी काहीच बोलले नाही.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे पत्र म्हणजे नुसती जाहिरात होईल.

वकिलीच्या सहाव्या वर्षी पश्चिम उपनगरातल्या एका अठ्ठेचाळीस घरांच्या सोसायटीचा पुनर्विकासाचा करार मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'विकासक सभासदांना पर्यायी निवासासाठी ३६ महिने भाडे देईल.' जुन्या नमुन्यातून उचललेलं. वाचायला गुळगुळीत, कुणीच हरकत घेतली नाही. छत्तीस महिने झाले तेव्हा इमारत नवव्या स्लॅबवर होती. सदतिसाव्या महिन्यात भाडं आलं नाही. आम्ही नोटीस पाठवली, तर समोरच्या वकिलांनी उत्तरात माझंच वाक्य अधोरेखित करून परत पाठवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका माझ्या केबिनमध्ये आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही छत्तीस का लिहिलंत?" ते नालासोपाऱ्याला मुलीकडे राहायला गेले. नवं घर व्हायच्या आधीच वारले.

तेव्हापासून माझ्या मसुद्यात आकडा नसतो, घटना असते. भाडं चालू राहील ते भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्याजोगी असल्याचा दाखला) मिळून, पाणी आणि वीज जोडलेल्या घराचा ताबा दिल्यानंतर तीस दिवसांपर्यंत. आणि ते थकलं तर वसूल करायला बँक हमी. हे वाक्य रुक्ष आहे. पण या क्षेत्रात दयाळूपणा दाखवायची जागा हीच आहे, कारण जुन्या रहिवाशाला दुसरी ढाल फारशी नसते. रेराचं कवच मुख्यतः विकत घेणाऱ्याला आहे. प्रकल्पाची नोंदणी होते ती विक्रीच्या घरांची. ज्याचं जुनं घर पाडून प्रकल्प उभा राहतो, त्याची सुरक्षितता जवळजवळ सगळी त्याच्या करारात असते. म्हणजे तुमच्या हातात.

आणि इथेच मूळ प्रश्न येतो, जो त्या दिवशी मी त्या मुलीला सांगायला हवा होता. पुनर्विकासात सोसायटीच्या वकिलाची फी बहुतेक वेळा बिल्डर देतो. लपूनछपून नाही, निविदेतच तशी अट असते: प्रकल्प सल्लागार आणि वकील यांचा खर्च विकासकाने करायचा. सोसायटीला वाटतं, आपले पैसे वाचले. वकिलाला वाटतं, बिल वेळेवर निघेल. मग एका रात्री अकरा वाजता करारातल्या भाड्याच्या कलमावर घासाघीस चाललेली असते आणि तुमचा शेवटचा हप्ता करारावर सह्या झाल्यावर मिळणार असतो. तुम्ही किती वेळ ताणून धराल? मी लाच म्हणत नाहीये. लाच ओळखता येते. हे त्याहून मऊ आहे, आणि माझी चांगली, हुशार मित्रमंडळी त्यात हळूहळू विरघळताना मी पाहिली आहेत.

म्हणून या क्षेत्रात समाधान कुणाच्या वाट्याला येतं याचं माझं निरीक्षण असं आहे: ज्याने पहिल्याच बैठकीत फीचं बोलून घेतलं त्याच्या. मी आता सोसायटीला सांगते, पैसे बिल्डरकडून घ्यायचे तर घ्या, पण ते आधी सोसायटीच्या खात्यात येतील, धनादेश सोसायटी देईल, आणि माझा शेवटचा हप्ता सह्यांच्या दिवशी नाही, पहिल्या महिन्याचं भाडं सगळ्यांच्या खात्यात जमा झाल्यावर. यामुळे काही कामं जातात. गेल्या वर्षी दोन गेली. जाऊ दे.

बिल्डरच्या बाजूने काम करूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. हा सोवळेपणा मला कधी पटला नाही. घरं शेवटी कुणीतरी बांधावी लागतात. जमिनीचा मालकी हक्क तीस वर्षं मागे जाऊन नीट तपासणारा, कर्ज देणाऱ्या बँकेला खरं सांगणारा, ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचा रेराचा नियम मालकाच्या तोंडावर वाचून दाखवणारा वकील विकासकाच्या कार्यालयात असेल, तर रहिवाशांचे निम्मे दावे जन्मालाच येत नाहीत. शिवाय टेबलाची पलीकडची बाजू पाहिल्याशिवाय अलीकडची कळत नाही. दोनशे झोपड्यांच्या योजनेत नऊ जण घर खाली करत नाहीत. त्यांच्यावर निष्कासनाची कारवाई सुरू होते. तुम्ही त्या नऊ जणांचे वकील असाल तर ते तुम्हाला पीडित दिसतात, आणि असतीलही, एखाद्याची पात्रता खरोखर चुकीने नाकारलेली असते. पण उरलेले एकशे एक्याण्णव भाड्याच्या खोलीत दिवस मोजत असतात. कुठल्या नावात तक्रार आहे आणि कुठल्या नावात नुसता सौदा, हे फाईल वाचल्याशिवाय कळत नाही. घोषणेवरून तर नाहीच.

कागद नीट लिहिला तरी तो पाळला जाईलच असंही नाही. पवईचं उदाहरण वाचा. १९८६ मध्ये शासन, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि जमीनधारक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. नाममात्र दराने जमीन, आणि बदल्यात ४० आणि ८० चौरस मीटरची घरं. करारात आकडे स्वच्छ होते. नकाशावर छोटी दिसणारी घरं प्रत्यक्षात एकमेकांत मिसळून मोठी झाल्याची तक्रार जनहित याचिकेतून उच्च न्यायालयात गेली, आणि २०१२ मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की आधी छोटी घरं बांधा. करार झाल्यावर पंचवीस वर्षांनी! मधल्या काळात त्या कराराची प्रत उघडून 'अहो, ही अट कुठे गेली?' असं विचारायची नोकरी कुणाची होती? अशी नोकरी खरं तर आहे. म्हाडात, एसआरएत, महापालिकेत विधी अधिकारी असतात. तुमच्यातल्या हुशार मुलांना तिकडे जाणं कमीपणाचं वाटतं. मला ती या क्षेत्रातली सर्वांत वजनदार खुर्ची वाटते.

काम संपत आलंय असंही समजू नका. ३० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने बोरिवलीच्या एका रखडलेल्या योजनेचा निकाल देताना झोपडपट्टी कायद्याच्या एकूण कामगिरीचीच तपासणी करावी, असं मुंबई उच्च न्यायालयाला सुचवलं. या कायद्याखालची सोळाशेहून जास्त प्रकरणं उच्च न्यायालयात पडून असल्याची नोंद त्या निकालात आहे. एखादा कायदा नीट चालतोय का हे न्यायालयानेच तपासून पाहावं, असं क्वचित घडतं. माझ्या पिढीच्या वकिलांनी तो निकाल वाचून मान हलवली आणि पुढच्या तारखेला गेले. तुम्ही तो पूर्ण वाचा. तुमच्या पुढच्या वीस वर्षांचं काम त्यात आहे.

पैशांचं बोलू. पहिली तीन-चार वर्षं कठीण जातील. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे. मी स्वतः सुरुवातीला बदलापूरहून यायचे. लोकांना मुंबईत घर मिळवून देणारी मुलगी रात्री पावणेबाराच्या गाडीने मुंबईबाहेर झोपायला जायची. यावर आम्ही कनिष्ठ लोक हसायचो, दुसरं करणार काय?

पण या क्षेत्रात एक भाकरीचं काम कायम असतं, ते म्हणजे मानीव अभिहस्तांतरण. मोफा कायद्याप्रमाणे (महाराष्ट्राचा सदनिका मालकीविषयीचा कायदा) बिल्डरने सोसायटीच्या नावावर जमीन करून द्यायला हवी. असंख्य ठिकाणी ते झालेलं नाही. २००८च्या दुरुस्तीमुळे सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे थेट अर्ज करू शकते. काम किचकट आहे, ग्लॅमर शून्य, पण जमीन नावावर नसेल तर उद्या पुनर्विकासात सोसायटी कुणाशीच ताठ मानेने बोलू शकत नाही. माझ्या कार्यालयाचं भाडं दहा वर्षं याच अर्जांनी भरलं. आणि आता स्वयंपुनर्विकास आहे. सप्टेंबर २०१९च्या शासन निर्णयानंतर सोसायट्या बिल्डरशिवाय, कर्ज काढून, ठेकेदार नेमून स्वतःच इमारत उभी करू लागल्या आहेत. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक त्यासाठी कर्ज देते. इथे वकिलाची फी देणारा आणि वकिलाचा अशील एकच असतो. वर जे रडगाणं गायलं त्यावर यापेक्षा चांगला उतारा मला अजून सापडलेला नाही. जोखीमही तशीच आहे. कर्ज सोसायटीच्या डोक्यावर, ठेकेदार पळाला तर शिव्या तुमच्या डोक्यावर. चुकलेल्या योजनाही होणार. पण हे नवं आहे आणि याचे करार अजून कुणाच्या नमुन्यात नाहीत. ते तुम्हाला लिहायचे आहेत.

तुमच्या प्राध्यापकांसाठी एकच परिच्छेद. सर, मॅडम, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा घ्या, जरूर घ्या. पण वर्षातून एकदा मुलांना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन बसवा. मालमत्ता पत्रक आणि सातबारा वाचता न येता मुलं मालमत्ता कायद्यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतात, हे आपल्या सगळ्यांचं अपयश आहे.

आणि तुम्ही गणित शिका. वकिलीला आलो ते गणित नको म्हणून, हे मलाही लागू आहे, तरी शिका. एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं तो आकडा), चटई क्षेत्र, बांधीव क्षेत्र यांतला फरक कळला नाही तर सभेत कुणीही तुम्हाला फिरवेल. झोपडपट्टी योजनेतलं मोफत घर २२५ चौरस फुटांचं २६९ झालं आणि मग ३०० झालं. या तीन आकड्यांच्या मागे किती बैठका, याचिका आणि मोर्चे आहेत हे ज्याला दिसतं त्याला नियमावली कंटाळवाणी वाटत नाही. मुद्रांक कायदाही तसाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की विकास करारावर मुद्रांक शुल्क भरलेलं असताना त्याच सभासदांच्या पर्यायी जागेच्या करारांवर पुन्हा शुल्क मागता येणार नाही. कुठल्याही वाहिनीवर त्याची चर्चा रंगली नाही. पण घरटी वाचलेला पैसा मोजला तर त्या एका रुक्ष मुद्द्याने जे केलं, ते कित्येक गाजलेल्या भाषणांनी केलेलं नाही.

त्या दिवशी हात वर करणाऱ्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं. ती हे वाचत असेल तर तिच्या महाविद्यालयात मी निरोप ठेवला आहे. येत्या दोन रविवारी माझ्या दोन सोसायट्यांच्या विशेष सर्वसाधारण सभा आहेत, एक स्वयंपुनर्विकासाची, एक बिल्डर निवडीची. सकाळी दहाला सुरू होतात असं नोटिशीत असतं, साडेअकरापर्यंत गणपूर्ती होत नाही. मागच्या खुर्चीवर बसा, काही बोलू नका, फक्त कोण कुणाकडे बघून हात वर करतंय ते पाहा. सभेनंतर दोन-चार घरं मोजायची आहेत. मोजायची टेप मात्र येताना आणा, आमची मागच्या पावसाळ्यात गंजली.

तुमची,
मुंबईतली एक वकील